म्युनिक ते फ्लोरेन्स गाडीने: भारतीय लायसन्स, आयडीपी, विन्येट आणि इटलीतले दंड

मुळशीकर

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटी आम्ही चौघं (आम्ही दोघं, आई आणि आठ वर्षांची मुलगी, उंची १२८ सेंमी) बारा दिवसांसाठी निघतोय. पहिले दोन दिवस म्युनिक. तिसऱ्या दिवशी तिथेच भाड्याची गाडी घेऊन इन्सब्रुक, मग बोल्झानो आणि डोलोमाइटचे डोंगर, व्हेरोना, फ्लोरेन्स. बाराव्या दिवशी गाडी परत म्युनिकला द्यायची.

लायसन्स पुण्याचं, स्मार्ट कार्ड, सगळा मजकूर इंग्रजीत. शंका अशा:
१) आयडीपी (आंतरराष्ट्रीय वाहन परवाना) काढावंच लागतं का? कसं?
२) ऑस्ट्रियाचं ते विन्येट आधी घ्यायचं की तिथे?
३) इटलीत घरी आल्यावर महिन्यांनी दंड येतात म्हणे. ते कशाचे?
४) उजव्या बाजूने कधीच चालवलेली नाही. काय लक्षात ठेवायचं?

फिरस्ता

१ बद्दल: लायसन्स इंग्रजीत असेल तर आयडीपीची गरज नाही. उगाच हजार रुपये आणि आरटीओची फेरी.

चाक आणि चकवा

फिरस्ता, हे ब्रिटनला लागू पडतं. तिथे पर्यटकाला भारतीय लायसन्सवर १२ महिने चालवता येतं. स्वित्झर्लंडलाही लायसन्स रोमन लिपीत असलं की पुरतं. पण इटलीत युरोपबाहेरच्या लायसन्सबरोबर आयडीपी किंवा अधिकृत भाषांतर जवळ असणं कायद्याने बंधनकारक आहे. तपासणीत नसेल तर दंड. जर्मनीतही भाषांतर किंवा आयडीपी मागतात, आणि म्युनिकच्या काउंटरवरचा माणूस तेच पाहून किल्ली देतो. मुळशीकरांच्या मार्गावर तीन देश आहेत, म्हणजे काढायचंच.

कृती: परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडून लायसन्स सेवांमध्ये आयडीपीचा अर्ज, म्हणजे फॉर्म ४-ए. शुल्क १००० रुपये. सोबत चालू लायसन्स, पासपोर्ट आणि फोटो. व्हिसा आणि वैद्यकीय दाखला सोबत द्यायची अट २०२१ च्या दुरुस्तीने गेली, तरी काही ठिकाणी खिडकीवर मागतात, म्हणून फॉर्म १-ए (तोच वैद्यकीय दाखला) आणि व्हिसाची प्रत फाईलमध्ये असू द्या, वाद घालण्यापेक्षा कागद स्वस्त पडतो. अर्ज आपण राहतो त्या हद्दीच्या आरटीओत. लायसन्सवर नागपूरचा पत्ता आणि राहायला पुण्यात असाल तर आधी पत्ता बदला, नाहीतर घोडं तिथेच पेंड खातं.

मिळते ती राखाडी मुखपृष्ठाची छोटी पुस्तिका. मुदत एक वर्ष, पण लायसन्स त्याआधी संपत असेल तर तिथवरच. म्हणून पहिल्यांदा कार्डाची मुदत बघा. आणि तीन चुका टाळा:

पुस्तिका एकटी काही कामाची नाही. मूळ कार्ड सोबत लागतं. डिजिलॉकरमधलं लायसन्स परदेशात चालत नाही, ते फक्त आपल्याकडे.

नेटवर "आंतरराष्ट्रीय लायसन्स घरपोच, दहा वर्षं वैध" असं विकणारे आहेत. कागद छान छापलेला असतो, कायद्यात किंमत शून्य. दहा वर्षं हा शब्द दिसला की तिथेच ओळखा.

आयडीपीवर नाव लायसन्सवरचंच येतं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आणि लायसन्सवर फक्त आद्याक्षर असेल तर काउंटरवर प्रश्न येतो. बुकिंग पासपोर्टवरच्या नावाने करा, आणि फरक फार असेल तर लायसन्सवरचं नाव जाण्याआधी दुरुस्त करून घ्या.

घाटरस्ता

गाडी भाड्याने घेण्याबद्दल.

डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड लागतं आणि ते मुख्य चालकाच्याच नावावर हवं. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचं लायसन्स चालत नाही. डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी नाकारतात. लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं, आणि २५ वर्षांखालच्या चालकाला वेगळा आकार असतो. दोघं चालवणार असाल तर दुसऱ्याचं नाव करारात घाला. न घातलेल्या माणसाने गाडी ठोकली की विम्याचा काही उपयोग नाही.

बुकिंग करताना "ऑटोमॅटिक" मुद्दाम निवडा. युरोपात स्वस्त वर्गातली गाडी बहुतेक मॅन्युअल येते, आणि उजव्या बाजूने चालवण्याच्या पहिल्याच दिवशी उजव्या हाताने गिअर टाकायची भर नको.

इटलीत गाडी नेणार हे बुकिंगमध्येच लिहा. काही महागड्या गाड्या इटलीत न्यायला मनाई असते. म्युनिकलाच परत देताय हे उत्तम. दुसऱ्या देशात सोडली तर परतीचा आकार भाड्याहून जास्त होऊ शकतो.

काउंटरवर सगळ्यात जास्त पैसे जातात ते विम्यात. मूळ भाड्यातल्या विम्यात एक ठरावीक रक्कम आपल्या खिशातून जाते, आणि टायर, रिम, काचा, छत व गाडीचा खालचा भाग साधारणपणे त्यात नसतो. नेमकं डावीकडची सवय असलेल्याचं उजवं चाक फुटपाथच्या कडेला घासतं (हे का, ते चौथ्या शंकेत कुणी सांगेलच). शक्य असेल तर टायर-काचांसह पूर्ण विमा बुकिंगच्याच वेळी घ्या, काउंटरवर तोच दुप्पट भावाने देतात. गाडी ताब्यात घेताना चारही रिमचे जवळून फोटो, इंधनाचा काटा आणि किलोमीटर. देतानाही तेच. अंधाऱ्या तळघरात गाडी मिळाली तर बाहेर उजेडात आणून काढा.

मुलीसाठी बूस्टर सीट तिन्ही देशांत लागते. जर्मनीत १२ वर्षांखालचं आणि १५० सेंमीहून कमी, ऑस्ट्रियात १४ खालचं आणि १३५ हून कमी, इटलीत १५० सेंमीपर्यंत. १२८ म्हणजे कुठेच सुटका नाही.

सामान तपासा: त्रिकोण, प्रथमोपचार पेटी, फ्लोरोसंट जाकीट. जाकीट डिकीत नको, हाताशी हवं. ऑस्ट्रिया-इटलीत रस्त्यावर बंद पडल्यावर ते घालूनच उतरायचं असतं.

विन्येटवाला

विन्येट म्हणजे ऑस्ट्रियाच्या मोटरवेचा पास. डिजिटल पास गाडीच्या नंबरवर निघतो. भाड्याच्या गाडीचा नंबर हातात येईपर्यंत कळत नाही, म्हणून पुण्यातून आधी घेण्यात अर्थ नाही. आधी काचेवर बघा, म्युनिकच्या गाडीवर कधी कधी आधीच लागलेला असतो. नसेल तर सीमेआधीच्या पेट्रोल पंपावर घ्या. स्टिकर घेतला तर काचेला चिकटवायचाच. डॅशबोर्डवर ठेवलेला म्हणजे नसलेलाच.

हिशेब तुमच्या सोयीचा निघतो. दहा दिवसांचा पास कॅलेंडरचे दहा दिवस चालतो. तिसऱ्या दिवशी सुरू केलात तर बाराव्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे एकाच पासात जाणं-येणं. एक दिवस लांबला मात्र दुसरा घ्यायचा.

त्याशिवाय इन्सब्रुकहून ब्रेनर खिंडीकडचा ए-१३ हा रस्ता पासात नाही. तिथे वेगळा टोल, एका खेपेला साधारण १२ युरो. श्यॉनबेर्गच्या नाक्यावर कार्डाने भरता येतो. याच रस्त्यावर २०२५ पासून लुएग पुलाचं काम चालू आहे आणि पुलावर बरेच दिवस एकाच लेनने वाहतूक सोडतात. शनिवारी-रविवारी नॅव्हिगेशन खालच्या गावांतून वाट दाखवेल. तिरोलमध्ये (इन्सब्रुकचा प्रांत) गर्दीच्या काळात अशी वळणवाट पकडायला बंदी असते, पोलीस उलटे पाठवतात. मंगळवार-बुधवारी ओलांडता आलं तर पाहा.

इन्सब्रुकजवळ ए-१२ वर १०० चा आकडा आणि वर "आयजी-एल" अशी पाटी दिसेल. ती हवेच्या प्रदूषणासाठीची मर्यादा. रस्ता मोकळा आणि सरळ असतो, म्हणून लोक १३० ला जातात आणि कॅमेऱ्यात सापडतात. जर्मनीत मर्यादा नसलेल्या ऑटोबानवरही सुचवलेला वेग १३० आहे, आणि उजवीकडून ओव्हरटेक करणं गुन्हा. वाहतूक तुंबली की थांबायच्या आधीच डाव्या लेनने डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकायचं. मधली वाट ॲम्ब्युलन्ससाठी, ॲम्ब्युलन्स येण्याची वाट बघायची नाही. ऑस्ट्रियातही हाच नियम.

वाटसरू

आता ३, म्हणजे खरा खर्च.

इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी "झेडटीएल" असतं, मर्यादित वाहतुकीचा भाग. फ्लोरेन्स, व्हेरोना, पिसा, बोलोन्या, सगळीकडे. पांढऱ्या पाटीवर लाल कडेचं वर्तुळ, खाली तास लिहिलेले, वर कॅमेरा. ना गेट, ना दोरी, ना शिपाई. गाडी आत जाते आणि कळतही नाही. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याखालून गेलं की वेगळा दंड. रस्ता चुकून दोन फेऱ्या मारल्या तर दोन दंड.

तिथल्या उजळ पाटीवर "व्हार्को आत्तिव्हो" लिहिलं असेल तर आपल्याला वाटतं दार चालू आहे, म्हणजे जाता येईल. अर्थ नेमका उलटा. कॅमेरा चालू, आत येऊ नका. "नोन आत्तिव्हो" असेल तेव्हाच मोकळं. या एका शब्दाने फार जणांचे पैसे गेलेत.

क्रम असा असतो: पालिका नंबरावरून भाडेकंपनीला विचारते, कंपनी तुमचं नाव कळवते आणि त्याचाच प्रक्रिया आकार कार्डावर लावते. तो दंड नाही, दंड अजून यायचाय. परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत असते, म्हणून पुढच्या वर्षीच्या मेमध्ये पुण्यात पाकीट येणं शक्य आहे. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरली तर बऱ्याच दंडांत ३० टक्के सूट मिळते.

उपाय: फ्लोरेन्समध्ये हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर आदल्या दिवशी त्यांना गाडीचा नंबर मेलवर पाठवा. सामान उतरवण्यासाठी ते नंबर नोंदवू शकतात, पण नोंदवल्याचं लेखी उत्तर मागा. त्याहून सोपं म्हणजे शहराबाहेर ट्रामच्या टोकाला गाडी लावून आत ट्रामने जा. फ्लोरेन्समध्ये गाडीचं काही कामच नाही, खरं सांगायचं तर.

टोल: ब्रेनरहून व्हेरोनाकडे जाणाऱ्या ए-२२ मोटरवेवर शिरताना यंत्रातून तिकीट घ्यायचं, उतरताना भरायचं. तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचे पैसे लावतात. निळ्या पाटीची लेन कार्डाची, पांढरी रोखीची. पिवळी फक्त टेलिपासवाल्यांची (टेलिपास म्हणजे आपल्या फास्टॅगसारखं). चुकून पिवळीत गेलात तर मागे घेऊ नका, मदतीचं बटण दाबा. एक चिठ्ठी मिळते, ती १५ दिवसांत भरायची.

मोटरवेवर १३०, पावसात ११०. शहराबाहेर दिवसाही दिवे लागलेले हवेत. "तुतोर" नावाची पाटी म्हणजे दोन कमानींमधल्या सरासरी वेगाची मोजणी. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे पुन्हा पळ, हे पुणे-मुंबईचं कसब इथे कामाचं नाही.

दारू: मर्यादा रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम. आपल्याकडे १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, त्यांची ५० होते. आकडा सैल आहे म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. इटलीत लायसन्सच्या पहिल्या तीन वर्षांत मर्यादा शून्य, जर्मनीत २१ वर्षांखाली शून्य.

डावखुरा

४ बद्दल. सरळ रस्त्यावर कुणी चुकत नाही, समोरच्या गाड्या आपोआप ओळीत ठेवतात. चूक होते ती मोकळ्या रस्त्यावर: पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, सकाळी पार्किंगमधून निघताना, निर्जन रस्त्यावर डावीकडे वळल्यावर. सहप्रवाशाने त्या क्षणी "उजवी बाजू" म्हणायचं, एवढं ठरवा.

चाक घासण्याचं कारण: आयुष्यभर चालक गाडीच्या उजव्या कडेला बसलाय, आणि लेनच्या डाव्या रेषेपासूनचं अंतर नजरेत बसलंय. आता तो डावीकडे बसतो आणि तेवढंच अंतर ठेवतो, म्हणून पूर्ण गाडी उजवीकडे सरकते. आपल्या शरीराला रस्त्याच्या मधल्या, म्हणजे डावीकडच्या रेषेच्या जवळ ठेवा, किंचित अस्वस्थ वाटेल इतकं. उजव्या आरशात कडा दिसत राहिली की बरोबर.

मारुती-ह्युंदाईवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: इंडिकेटर डाव्या हाताला येतो. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर वायपर फिरेल, फिरू द्या.

सर्कल घड्याळाच्या उलट दिशेने. आतल्याला आधी वाट, बाहेर पडताना उजवा इंडिकेटर. जर्मनीत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट, तो कितीही छोट्या गल्लीतून आला तरी. पांढऱ्या कडेची, टोकावर उभ्या पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली की तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात. डोंगरात चढणाऱ्याला आधी वाट, हे आपल्या घाटासारखंच. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ऑटोमॅटिकला खालचा गिअर किंवा "बी" (इंजिनानेच वेग रोखणारा गिअर) लावा.

पंपावर गोल चिन्हात "ई-५", "ई-१०" म्हणजे पेट्रोल, चौकोनात "बी-७" म्हणजे डिझेल. इटलीत "बेन्झिना" पेट्रोल, "गाझोलिओ" डिझेल. टाकीच्या झाकणाच्या आत तेच चिन्ह असतं, ते जुळवा.

मुळशीकर

सगळ्यांचे आभार. आयडीपीचा अर्ज आजच करतो. एकच राहिलं: म्युनिकमध्ये निळी पार्किंग चकती लावतात ती कशी?

डावखुरा

पाटीवर चकतीचं चित्र असेल तिथेच. गाडी लावल्यानंतरचा पुढचा अर्धा तास दाखवायचा. १०:१० ला लावली तर काटा १०:३० वर. पाटीवर दोन तास लिहिलं असेल तर १२:३० पर्यंत. चकती काचेच्या आत, बाहेरून वाचता येईल अशी. मध्येच येऊन काटा पुढे सरकवला तर तोही नियमभंग, कारण गाडी तिथून हललेली नसते.