महाकाय कीटकांचा श्वास आणि कात

गोष्ट रचत खेळायच्या भूमिका-खेळात (रोल-प्लेइंग गेम) महाकाय कीटक राक्षस म्हणून कसा आणावा, या चर्चेत कुणी म्हटलंय की मुंगी आहे तशी मोठी केली की राक्षस तयार. मला हे पटत नाही. लांबी १० पट झाली की पायांच्या छेदाचं क्षेत्रफळ १०० पट होतं. वजन मात्र १००० पट. ते काडीसारखे पाय मोडणारच. पाय जाड करा, चाल संथ ठेवा.

खरा अडसर श्वासाचा आहे. कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगावरच्या छिद्रांतून आत गेलेल्या बारीक नळ्या हवा थेट ऊतींपर्यंत पोचवतात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू आजच्या २१ टक्क्यांहून बराच जास्त होता, तरी मेगान्यूरा या चतुरासारख्या कीटकाचे पंख जेमतेम ६५-७० सेंटिमीटर पसरत. म्हणून तुमच्या राक्षसाला भात्यासारखं हलणारं पोट द्या. टोळ आजही पोट आत-बाहेर करून हवा खेळवतात. अंधाऱ्या गुहेत प्राणी दिसण्याआधी खेळाडूंना तो फुसकारा ऐकू येऊ दे!

आणि कात विसरू नका. वाढत्या वयातला कीटक कवच टाकतो, तेव्हा नवं कवच कडक होईपर्यंत तो मऊ आणि असहाय असतो. मोठ्या देहाला तर स्वतःचं वजनही पेलणार नाही, त्यामुळे तो पाण्यात किंवा चिखलात लपेल. वाटेत रिकामी, ताजी कात सापडली की खेळाडूंना कळेल, शिकार जवळच आहे, आणि एरवी १८ असलेला त्याचा आर्मर क्लास (त्याच्यावर घाव बसणं किती अवघड, ते सांगणारा खेळातला आकडा) आज रात्रीपुरता १० आहे.