जुन्या गाडीच्या स्टिरिओवर मोबाइलमधील गाणी

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत रेडिओ आणि कॅसेट एवढेच आहे. मूळ स्टिरिओ न काढता मोबाइलवरील गाणी त्यावर कशी ऐकता येतील?

उत्तर १ : लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर (फोनमधील गाणी गाडीच्या रेडिओवर प्रक्षेपित करणारे छोटे उपकरण) सर्वांत सोपा, परंतु ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मुंबई-पुण्याला रिकामी जागा मिळणे कठीण असल्याने खरखर होते.

उत्तर २ : कॅसेट चालत असेल, तर कॅसेट अडॅप्टरच (फोनला जोडता येणारी, कॅसेटच्या आकाराची वस्तू) घ्यावा, कारण त्यातील चुंबकीय हेड स्टिरिओच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) टेकून थेट संकेत देते आणि आवाज बराच स्वच्छ येतो. त्याआधी स्टिरिओचे हेड कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने अवश्य पुसावे. साचलेला तपकिरी थर निघाला, की दबलेले तार सप्तकातील स्वर मोकळे होतात.

प्रश्नकर्ता : कॅसेट चालते. फोन चार्जिंगला लावल्यास घरघर येईल का?

उत्तर २ : येऊ शकते, तशी आल्यास फोन आणि अडॅप्टरच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (अशी घरघर रोखणारे छोटे उपकरण) जोडावा.