बीपीसाठी तांबड्या पेशींची आयन-तपासणी करावी का?

दांडियाबाजारकर: ज्यांच्या घराण्यात बीपी आहे, त्यांच्या तांबड्या पेशींतली सोडियम-लिथियम अदलाबदल, म्हणजे पडद्यातून एक आयन आत घेऊन दुसरा बाहेर सोडणं, मोजायला हरकत काय? ठरावीक कारण न सापडणाऱ्या बीपीत तिचा वेग वाढलेला असतो, हे कानेसा आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्येच दाखवलं. या पेशीत केंद्रक नाही, नवं प्रथिन बनत नाही. म्हणजे पडद्याची घडण सुमारे १२० दिवस टिकणार. आणि फ्लेम फोटोमीटर, म्हणजे ज्वाळेच्या रंगावरून सोडियम-लिथियम मोजणारी यंत्रं, तर वडोदऱ्यातल्या जुन्या लॅबमध्ये पडलेलेच असतील.

लॅबवाले काका: पडलेत हो, पण अशा बऱ्याच यंत्रांत लिथियम हेच तुलनेचं प्रमाण म्हणून घालतात. मग लिथियम मोजणार कशावर? रक्ताच्या नळीचंही तेच. रक्त गोठू नये म्हणून आत लिथियम-हेपरिन किंवा सोडियम-हेपरिन असतं, दोन्हींची टोपणं हिरवीच. चुकीची उचलली की नमुना बाद.

पुढे पेशी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात धुवायच्या, वरचा पांढऱ्या पेशींचा थर ओढून टाकायचा. १५० मिलिमोलर लिथियम क्लोराइडमध्ये ३७ अंशांवर तीनेक तास ठेवायच्या, परत धुवायच्या. मग अर्ध्या पेशी सोडियमच्या द्रावणात, अर्ध्या सोडियमविना. दोन्हीकडे पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंप बंद करणारं ओआबेन, ०.१ मिलिमोलर, नाहीतर तो पंप लुडबुड करतो. बाहेर पडलेल्या लिथियमचा फरक हे उत्तर. एका नळीत थोड्या जास्त पेशी फुटल्या की फरक खोटा, कारण आकडा मुळातच बारीक.

सुरसागर: आणि या आकड्यावरून 'पेशी आम्ल बाहेर टाकतेय' असं म्हणतात, ते तर मला अजिबात पटत नाही. सोडियम आत घेऊन हायड्रोजन, म्हणजे आम्ल, बाहेर टाकणारं एनएचई-१ हे प्रथिन अमिलोराइड या औषधाने अडतं, ही सोडियम-लिथियम अदलाबदल अडत नाही. शिवाय पेशीतला पीएच साधारण ७.२, प्लाझ्मातला ७.४. ही तफावत मुख्यतः हिमोग्लोबिनच्या ऋणभारामुळे, आणि पडद्यातलं बँड-३ हे प्रथिन क्लोराइड-बायकार्बोनेटची देवघेव इतकी झपाट्याने करतं की बारीकसा फेरफार तिथेच बुजतो. वर, नळीचं झाकण उघडं राहिलं की कार्बन डायऑक्साइड उडून पीएच आपोआप चढतो.

दांडियाबाजारकर: आम्लता सोडा. बीपीची खूण म्हणून चालायला तेच प्रथिन कशाला लागतं?

लॅबवाले काका: ट्रायग्लिसराइड वाढलं, वजन वाढलं की ही खूणही हलते, आणि निरोग्यांचे व बीपीवाल्यांचे आकडे एकमेकांत शिरतात. एकट्या माणसाला काय सांगणार? त्यापेक्षा रावपुऱ्यात सेवउसळीवर ताव मारणाऱ्याचं २४ तासांच्या लघवीतलं सोडियम मोजा. १०० मिलिमोल म्हणजे सुमारे ५.८ ग्रॅम मीठ, मर्यादा ५ ग्रॅमची. फक्त सकाळची पहिली लघवी टाकून मग वेळ धरायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली न चुकता डब्यात. बरेच नमुने तिथेच फसतात.