वरिष्ठांकडून सतत होणारा पाणउतारा: तक्रार नेमकी कशाची करायची?

प्रश्न:
मी एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते. प्रसूतीच्या रजेवरून परतल्यापासून माझ्या वरिष्ठ मला पाण्यात पाहत आहेत. बैठकीची वेळ बदलल्याचा मेल सर्वांना जातो, त्यातून माझेच नाव वगळले जाते आणि मी उशिरा पोहोचले की ‘मूल सांभाळून जमत नसेल तर तसे सांगा’ असे सर्वांदेखत ऐकवले जाते. तिमाही अहवाल मी तयार करते, तो सादर मात्र दुसऱ्याच्या नावाने होतो. शिवीगाळ नाही, लैंगिक स्वरूपाचे काही नाही. वरिष्ठ स्वतः स्त्री असल्याने सहकारी याला ‘बायकांची धुसफूस’ म्हणतात. आता साधी बेरीजही पुन्हापुन्हा तपासल्याशिवाय पुढे पाठवण्याचा धीर होत नाही. हा छळ आहे, की मीच हळवी झाले आहे?

प्रतिसाद १:
एकेक प्रसंग सुटा पाहिला तर क्षुल्लक वाटावा, हीच या छळाची रीत आहे. स्वीडनमध्ये या विषयाचा पायाभूत अभ्यास करणारे हाइन्झ लेमान यांनी आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने चालणारी वागणूक अशी मोजपट्टी लावली होती, म्हणजे त्यांचा भर प्रसंगाच्या तीव्रतेपेक्षा पुनरावृत्तीवर होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार तर एकदाच घडलेली कृतीही वगळत नाही, आणि हेतू सिद्ध झाला नाही तरी ज्या वर्तनातून मानसिक किंवा आर्थिक हानी होते किंवा होण्याचा संभव असतो, ते वर्तन तो छळातच मोजतो. छळणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, याने त्यात फरक पडत नाही.

म्हणून ‘त्या मला त्रास देतात’ असे न लिहिता ‘अमुक तारखेच्या बैठकीची बदललेली वेळ मला कळवली गेली नाही’ असे लिहा. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी स्वतःच्या वहीत टिपून ठेवा. कंपनीचे मेल खासगी खात्यावर पाठवू नका, कारण तो नियमभंग ठरवून तक्रार तुमच्यावरच उलटवली जाऊ शकते.

प्रतिसाद २:
बेरजेबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, त्याची मला अधिक काळजी वाटते. सततच्या अपमानाने झोप बिघडते, लक्ष टिकत नाही, मग खरोखरच चुका होऊ लागतात आणि त्याच चुका ‘ही कामाला कमी पडते’ याचा पुरावा म्हणून पुढे केल्या जातात. रजेवरून परतलेल्या स्त्रीबद्दल हा समज आधीच तयार असतो, त्यामुळे तो कोणी तपासतही नाही. डॉक्टरांना भेटा आणि त्रासाचा कामाशी असलेला संबंध केसपेपरवर नोंदवायला सांगा. ध्यानधारणेचे सल्ले भरपूर मिळतील. त्यांनी मेलच्या यादीत नाव येत नाही.

प्रतिसाद ३:
वरील सर्व मान्य आहे, पण मनुष्यबळ विभाग अखेर व्यवस्थापनालाच उत्तरदायी असतो, तेव्हा तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि त्याच वेळी दुसरीकडे अर्जही करत राहा. राजीनामा देण्याची वेळ आलीच, तर आधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवा आणि कारण म्हणून ‘वैयक्तिक’ असे लिहू नका, कारण पुढे दाद मागायची झाल्यास तोच शब्द तुमच्या विरोधात वाचून दाखवला जाईल.