रंगवायला कागद देऊन पोरांना मताधिकार कळतो का?

एडिसनकर_आई: लेक पहिलीत आहे, इथे न्यू जर्सीत. मार्च म्हणजे महिलांच्या इतिहासाचा महिना, म्हणून शाळेतून रंगवायला कागद आला. पांढऱ्या घोड्यावर बसलेली बाई, म्हणजे बायकांना मत मिळावं म्हणून १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मिरवणुकीत पुढे होती ती इनेझ मिलहॉलंड. आमच्या बाईसाहेबांनी घोडा गुलाबी केला, त्याला शिंग काढलं, म्हणे युनिकॉर्न. काय शिकवलं विचारलं तर "गर्ल्सना व्होट मिळालं". झालं. मतासाठी तुरुंगात जाऊन उपोषण करणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात नळ्या घालून अन्न ओतलं आणि आपण पोरांच्या हातात क्रेयॉन देतोय, मला तर निव्वळ टाइमपास वाटतो.

बालवाडीवाली: मग सहा वर्षांच्या पोरीला नळ्या सांगणार का? २२ वर्षं बालवाडीत काढली आहेत, सांगते, हात कामात असला की पोरांचे कान उघडे असतात, नुसतं समोर बसवून सांगायला गेलात तर दोन मिनिटांत चुळबूळ. आणि रंगच तर धडा आहे ना. इंग्लंडच्या सफ्राजेट, म्हणजे मतासाठी लढणाऱ्या, बायकांनी १९०८ मध्ये जांभळा, पांढरा, हिरवा हे रंग ठरवून घेतले, अमेरिकेत त्याच लढ्यातल्या नॅशनल वुमन्स पार्टीने हिरव्याच्या जागी सोनेरी घेतला. तेवढेच तीन खडू द्या, बघा "हेच का" विचारते की नाही.

चष्मेवाला: खडूंचा प्रॉब्लेम नाहीये, कागदावर कोण नाही त्याचा आहे. त्याच १९१३ च्या मिरवणुकीत आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईला सांगितलं होतं की तू काळ्या बायकांबरोबर मागे चाल. ती गर्दीत थांबली आणि इलिनॉयची तुकडी आली तशी सरळ तिच्यात घुसली. १९२० ला बायकांना मत देणारी घटनादुरुस्ती झाली तरी दक्षिणेत बहुतेक काळ्या बायकांना १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत मत देऊच दिलं नाही. रंगवलं की सगळं गोग्गोड होतं.

बालवाडीवाली: मग आयडाचं चित्र द्या की! मागे जा म्हटलं तर ती गेली नाही, हे माझ्या छोट्या गटालासुद्धा कळेल, रांगेवरून रोज भांडतात ते.

टेनेसीतला_पुणेकर: आमच्याकडची गोष्ट तर रंगवण्यासाठीच घडलीये. ऑगस्ट १९२०, नॅशव्हिल, टेनेसीच्या विधिमंडळात त्याच घटनादुरुस्तीवर मतदान, बाजूचे पिवळा गुलाब लावून, विरोधातले लाल. आमदार हॅरी बर्न, वय २४, कोटाला लाल गुलाब आणि खिशात आईचं पत्र, की बाळा होकार दे. दिला पठ्ठ्याने! पोरांना गुलाब रंगवायला द्या आणि विचारा, हॅरीचा कुठला?

चष्मेवाला: म्हणजे पोरांना कळणार काय, तर आईचं ऐकावं 😄 शिवाय एडिसनकर, तुमच्याच राज्यात १७७६ पासून मालमत्ता असलेल्या बायका मत देत होत्या, बहुतेक विधवा नाहीतर बिनलग्नाच्या, कारण लग्न झालं की मालमत्ता नवऱ्याची. १८०७ ला तो हक्क काढून घेतला. हे कुठल्या खडूने दाखवणार?

आजी_ठाणे: खोडरबराने. मी इथे नातवंडांना आपलं सांगते. पहिल्या निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ ला, जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी नावच दिलं नाही, अमक्याची बायको नाहीतर तमक्याची आई एवढंच. बहुतेक बिहार, यूपी, राजस्थान, मध्य प्रदेशकडच्या, पण आपल्याकडे तरी काय वेगळं होतं. मी बाईचं चित्र काढून देते, खाली रिकामी ओळ. पणजीचं नाव लिहून आणा म्हणते, मग रंगवा.

एडिसनकर_आई: आजी, काल हे केलं. लेकीने पणजीचं नाव विचारलं आणि मलाच आठवेना, आम्ही सगळे मोठी आईच म्हणायचो. भारतात रात्रीचे साडेअकरा, तरी आईला फोन लावला. द्वारका. लेकीने लिहिलं, ‘द्वा’ उलटा काढलाय आणि साडी परत गुलाबीच.

चष्मेवाला: छान. पण हे फोनमुळे झालं हां, रंगामुळे नाही.

बालवाडीवाली: आणि फोन कशामुळे लावला?