१०० च्या पुढं गेलं की गिटारचं पिक तारेत अडकतंय

रंकाळाकर: कोल्हापूरकर गिटारवाले, मदत हवी. अल्टरनेट पिकिंगमध्ये (पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, एकदा खाली, एकदा वर) ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) ठोक्यामागं ४ स्वर स्वच्छ येतात. १०० नंतर पिक अडकतंय, कोपर ताठ होतंय. पिक ०.६० मिमी.

सहातारा: भावा, पातळ पिक वाकतं आणि सरळ व्हायला वेळ खातं. १ मिमीचं घे, बोटांबाहेर टोक ३-४ मिमीच ठेव. सपाट धरू नकोस, हेडस्टॉककडची (खुंट्या असतात त्या टोकाकडची) कड किंचित जमिनीकडं झुकव. मग ते तारेवरून घसरतं.

पेठेतला: एकाच तारेवर १०० जमतंय का, ते आधी बघ. जमत असेल तर घोळ तार बदलताना आहे. तारेवर ३ स्वर असले की तिसरा खाली जातो, पुढच्या बारीक तारेवरचा पहिला वर. म्हणजे पिकला ती तार ओलांडून पलीकडून यावं लागतं! त्यामुळं खाली मारलेला झटका संपताना टोक तारांच्या बाहेर निघालंच पाहिजे. तेवढे दोनच स्वर ६० ला घोट. कोपर ताठलं की थांब, मनगटातून हलव.

सहातारा: तारा पण बघ. आपल्याकडच्या पावसात गंजतात, खरखरीत तारेवर पिक अडकणारच. वाजवून झालं की सुती कापडानं पुसत जा.