मदत हवी आहे: केडगावच्या मुक्ती मिशनला मुक्कामी जायचंय

सर्वांना सलाम. आमच्या भायखळ्याच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुण संघाला केडगावला न्यायचं ठरतंय (दौंड तालुक्यातलं, नगरजवळचं नव्हे). वेल्समधल्या संजीवनाची (ख्रिस्ती लोकांतल्या आध्यात्मिक जागृतीची) बातमी ऐकून पंडिता रमाबाईंनी मुक्तीत, म्हणजे निराधार स्त्रिया-मुलींसाठी त्यांनीच उभारलेल्या या आश्रमात, मुलींचे प्रार्थनागट सुरू केले आणि १९०५ मध्ये तिथेही संजीवन झालं. त्यांचं शारदा सदन (विधवा आणि मुलींची शाळा) १८८९ मध्ये सुरू झालं ते आपल्या मुंबईतच, हे पोरांना ठाऊकच नाही!

नुसती सहल नकोय, रात्रभर प्रार्थना करायचीय. बाहेरच्या गटाला आवारात संजीवन सभा घेऊ देतात का? परवानगी कुणाकडे मागायची? मुक्कामाची सोय आहे का, विशेषतः मुलींची? पुण्याहून दौंडची लोकल बरी की थेट बस? सोबत गुडघेदुखीवाल्या दोन मावश्याही आहेत. अलीकडे जाऊन आलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको.